गळणारी तोटी

रात्रीं घर निजलें म्हणजे स्वयंपाकघरांतून टप् टप् असा आवाज ऐकूं येतो. दिवसां तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, आणि म्हणूनच तोटी महिनेमहिने गळत राहते. मी जुना शाळामास्तर. तेव्हां आधीं एक गणित करूं. सेकंदाला एक थेंब धरला, तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा सुमारें एक मिलिलिटर. म्हणजे दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी मोरीवाटे जातें.

हें पाणी येतें कोठून? अमरावतीस तें मोर्शी तालुक्यांतील सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणांतून येतें, आणि अकोल्यास महान येथील काटेपूर्णा धरणांतून. दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येणाऱ्या नळाची वाट पाहणें आपल्या अंगवळणीं पडलें आहे. विहिरीचा आधार घ्यावा, तर पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी खारें. त्याच क्षारांची पुटें बसून तोट्याही लवकर बिघडतात.

तोटी बदलणें अवघड नाहीं. मात्र क्रम चुकूं नये. मीं तो एकदां चुकविला. अकोल्यास मुलीकडे गेलों असतां गळकी तोटी पाहून मला हुरूप आला. टाकीकडून येणाऱ्या नळावरची चावी मीं फिरविली आणि पाणी बंद झालें असें गृहीत धरलें. ती चावी झिजलेली होती. तोटी निघतांच गच्चीवरची टाकी स्वयंपाकघरांत रिती होऊं लागली. पुढचा नळ येण्यास तीन दिवस होते. मुलगी कांहीं बोलली नाहीं. मुकाट्यानें शेजारून दोन घागरी मागून आणल्या. "उत्तर लिहिण्यापूर्वीं प्रश्न नीट वाचा," असें जन्मभर मुलांना सांगणाऱ्यास तेवढा धडा पुरला.

म्हणून पहिला नियम हा, कीं चावी बंद केल्यावर जुनी तोटी पूर्ण उघडून पहावी. नळांतलें उरलेलें पाणी बादलींत धरावें. धार साफ थांबली, तरच पाना हातांत घ्यावा. जुन्या धाटणीची तोटी केवळ तोंडांतून ठिबकत असेल, तर पुष्कळदां आंतलें वॉशर बदलल्यानें काम भागतें. तोटीला चीर गेली असेल किंवा आंतले आटे झिजले असतील, तर मात्र नवी आणावी. दुकानांत जातांना जुनी तोटी बरोबर न्यावी. घरगुती नळ बहुधा अर्धा इंची, म्हणजे १५ मिलिमीटरचा असतो; तरी ताडून पाहिलेलें बरें.

तोटी काढतांना ती घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेनें फिरवावी. जुना लोखंडी नळ गंजलेला असल्यास बळ करूं नये. भिंतींतला नळ तुटला, तर भिंत फोडावी लागते. अशा वेळीं कारागिरास बोलावण्यांत शहाणपण आहे.

नळाच्या तोंडाचे आटे जुन्या दांतघासणीनें स्वच्छ करावे. पूर्वीं सांध्याला ताग आणि सफेदा लावीत. आतां पांढरी टेफ्लॉनची फीत मिळते. नव्या तोटीचे आटे आपल्याकडे करून घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फितीचे आठ-दहा वेढे ताणून द्यावे. उलट गुंडाळल्यास तोटी बसवितांना फीत सुटते. तोटी आधीं हातानें फिरवावी. शेवटचे फेरे तेवढे पान्यानें, मध्यें फडकें धरून द्यावे. तोंड खालीं सरळ आलें कीं थांबावें. फेरा पुढें गेला, तर तोटी मागें फिरवून तशीच ठेवूं नये. काढून नवी फीत गुंडाळावी.

शेवटीं चावी हळूहळू उघडावी आणि सांध्याला कोरडा कागद लावून पहावा. पाव तासानें कागद कोरडा निघाला, म्हणजे काम झालें.

शिकलेल्या माणसानें पाना हातीं घेण्यांत कमीपणा कसला? हातांत खराटा घेऊन गांवें झाडणारे गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यांतले. धरणापासून आपल्या घरापर्यंत पाणी आणण्यास कित्येकांचे हात लागले आहेत. शेवटची चार बोटें तें वांचविणें आपल्या हातीं आहे. आज रात्रीं निजण्यापूर्वीं आपल्या स्वयंपाकघरांत क्षणभर कान देऊन पहा.