एका गुणाचा हंगाम

४ ऑगस्ट १९१४ला ब्रिटन युद्धात उतरलं. रग्बी युनियनचे सामने थांबले, कौंटी क्रिकेट आवरतं घेतलं गेलं. फुटबॉल लीगचा हंगाम मात्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे सुरू झाला. लीगचाही नाइलाज होता. खेळाडू पगारी होते, त्यांच्याशी वर्षाचे करार झालेले होते, आणि युद्ध नाताळपर्यंत आटोपेल असा पुष्कळांचा समज होता.

युद्ध लांबलं तशी टीका वाढली. तरणीताठी माणसं चेंडूमागे धावतात आणि हजारो लोक ते बघत बसतात, हे अनेकांना खपेना. त्याला उत्तर म्हणून १५ डिसेंबरला लंडनच्या फुलहॅम टाउन हॉलमधल्या सभेत मिडलसेक्स रेजिमेंटची १७वी बटालियन, म्हणजे ‘फुटबॉलर्स बटालियन’, उभी राहिली. क्लॅप्टन ओरिएंट क्लबातून तर खेळाडू आणि कर्मचारी मिळून सुमारे चाळीस जण दाखल झाले. त्यांतले मॅकफॅडन, स्कॉट आणि जोनास १९१६च्या सोमच्या लढाईतून परतले नाहीत.

मैदानावर चुरस तुफान होती. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, असा तेव्हाचा हिशेब. ओल्डहॅम अ‍ॅथलेटिक हा कापडगिरण्यांच्या गावातला छोटा क्लब विजेतेपदाच्या दारात पोहोचला होता. ३ एप्रिलला मिडल्सब्रो इथे ४–१ असा पिछाडीवर असताना त्यांच्या बिली कुकला पंचांनी बाहेर काढलं. तो जागचा हलेना, म्हणून सामनाच अर्धवट थांबवावा लागला. निकाल तसाच कायम राहिला आणि कुकवर वर्षभराची बंदी आली. पुढे घरच्या मैदानावरचे अखेरचे दोन्ही सामने हरून ओल्डहॅमने हातातोंडाशी आलेला घास घालवला. एव्हर्टन ४६ गुणांसह विजेता, ओल्डहॅम ४५ गुणांवर दुसरा.

मिडल्सब्रोच्या त्या सामन्याच्या आदल्याच दिवशी, गुड फ्रायडेला, याहून मोठं प्रकरण घडलं होतं. ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला २–० हरवलं. युनायटेडची एक पेनल्टी भलतीच बाहेर गेली. लिव्हरपूलच्या फ्रेड पॅगनमचा फटका आडव्या दांडीवर आदळला, तर त्याचेच सहकारी त्याच्यावर चिडले. नेमक्या २–० या निकालावर एकास सात भावाने जबर पैसा लागल्याचं सट्टेवाल्यांच्या लक्षात आलं. चौकशीत दोन्ही संघांतले मिळून सात खेळाडू निकाल आधीच ठरवून खेळल्याबद्दल दोषी ठरले आणि त्यांच्यावर आजन्म बंदी आली. या मोहामागचं कारण समजण्याजोगं होतं: युद्धामुळे लीग बंद पडणार आणि पगारही थांबणार, हे तोवर सगळ्यांना दिसतच होतं. बंदी आलेल्यांपैकी सँडी टर्नबुल १९१७मध्ये अरासच्या लढाईत मारला गेला. बाकीच्यांची बंदी १९१९मध्ये उठली. अपवाद एकट्या इनॉक वेस्टचा. निर्दोष असल्याचं सांगत तो कोर्टात गेला, हरला, आणि १९४५पर्यंत बंदी भोगत राहिला.

या बनावट विजयाच्या दोन गुणांवर युनायटेड ३० गुणांनी अठरावा राहिला. चेल्सी २९वर एकोणिसावा, टॉटनहॅम २८वर शेवटचा. शेवटच्या दोघांनी खाली जायचं, असा नियम होता. त्याच चेल्सीने २४ एप्रिलला एफए कप फायनल खेळली आणि शेफील्ड युनायटेडकडून ३–० मार खाल्ला. प्रेक्षकांत इतके गणवेशधारी सैनिक होते की ती ‘खाकी फायनल’ म्हणूनच ओळखली जाते.

त्यानंतर चार वर्षं लीग बंद होती. १९१९मध्ये पहिली डिव्हिजन वीसवरून बावीस संघांची झाली. चेल्सीला जागा परत मिळाली. दुसऱ्या जागेसाठी मतदान झालं, त्यात टॉटनहॅमला ८ मतं पडली आणि दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पाचव्या आलेल्या आर्सेनलला १८. तेव्हा वर आलेला आर्सेनल आजवर एकदाही खाली गेलेला नाही. एका गुणाने चुकलेल्या ओल्डहॅमला मात्र लीगचं विजेतेपद कधीच मिळालं नाही. लीगने खेळाडूंना शिक्षा केली, पण गुड फ्रायडेच्या सामन्याचा निकाल आणि गुण तसेच ठेवले. या हंगामाच्या नावे खरा डाग लागला तो इथे.