लेन्सवरची जादा काच

नवा कॅमेरा घेतला की सोबत यूव्ही फिल्टर येतो आणि 'हा कधीच काढू नका' हा सल्लाही. या सल्ल्यात तथ्य आहे, पण थोडंच.

गैरसमज : यूव्ही फिल्टरमुळे फोटो स्वच्छ येतो.
फिल्मच्या काळात हे खरं होतं. फिल्म अतिनील किरणांना संवेदनशील असल्यानं डोंगरावरून टिपलेलं लांबचं दृश्य निळसर, धुरकट येई. डिजिटल कॅमेऱ्यात हे किरण सेन्सरसमोरची काचच अडवते. त्यामुळे फिल्टरचं ते मूळ काम आता संपलं आहे.

गैरसमज : पारदर्शक काचेनं फोटो बिघडत नाही.
कोटिंग नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परतवतो, म्हणजे दोन्ही मिळून 8 टक्के. शिवाय सेन्सरवरून परतलेला प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो. गणपतीच्या मिरवणुकीत रात्री फोटो काढा, काळ्या आकाशात दिव्यांचे उलटे, भुतासारखे ठिपके दिसतील. मल्टिकोटेड फिल्टरनं हा दोष बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. रात्री किंवा सूर्यासमोर फिल्टर काढलेलाच बरा. महागड्या लेन्सवर स्वस्त फिल्टर चढवणं तर मला अजिबात पटत नाही.

गैरसमज : कॅमेरा पडला तर फिल्टर लेन्स वाचवतो.
फिल्टरची काच पातळ असते. लेन्सची जाड पुढची काच सहज सोसेल अशा धक्क्यानंही ती फुटते. म्हणून फुटलेला फिल्टर हा लेन्स वाचल्याचा पुरावा नव्हे. उलट त्याच्या चुऱ्यानं लेन्सवर ओरखडे येऊ शकतात. धक्का झेलायला हूड चांगला. तो भटका प्रकाशही अडवतो.

मग फिल्टर टाकाऊ का? मुळीच नाही. जेजुरीत भंडारा उधळताना, रंगपंचमीला, कोकण किनाऱ्यावर खारे तुषार आणि वाळू उडत असताना तो जरूर लावा. अशा ठिकाणी काच वारंवार पुसावी लागते, ती फिल्टरची असलेली बरी. कॅननच्या काही एल लेन्सचं धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण तर पुढे फिल्टर बसवल्यावरच पूर्ण होतं.

बुरशी मात्र फिल्टरनं टळत नाही. ती दमट हवेत लेन्सच्या आतल्या काचांवर धरते. पावसाळ्यात लेन्स सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते बदला.