हस्तलिखितांच्या यादींतील अंक व त्यांच्या जाति

सांप्रत हस्तलिखितांच्या याद्या संगणकावर उतरविण्याचा प्रघात पडला असून, पोथीची प्रत्येक बाब अंकांनीं दर्शविणें सुलभ झालें आहे. परंतु अंक दिसला कीं त्याची सरासरी काढावी, ही प्रवृत्ति संशोधनास घातक होय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्स यांनीं १९४६ सालीं मापनाचे जे चार प्रकार सांगितले, ते आमच्या मतें पोथ्यांच्या यादीसही लागू पडतात.

पहिला प्रकार नाममात्र. देवनागरीस १, मोडीस २ व नंदिनागरीस ३ असे अंक दिले, तरी त्या केवळ खुणा होत. कोणत्या लिपींतील पोथ्या किती, इतकेंच त्यांवरून मोजतां येतें. देवनागरी व नंदिनागरी यांची सरासरी मोडी होत नाहीं.

दुसरा क्रमदर्शक. जीर्ण १, मध्यम २, उत्तम ३ यांत क्रम आहे, परंतु पायऱ्यांमधील अंतर समान असल्यास प्रमाण नाहीं. दहा पोथ्यांपैकीं पांच जीर्ण व पांच उत्तम असतां सरासरी ‘मध्यम’ येते, आणि ज्यांची दुरुस्ती तात्काळ व्हावयास हवी त्या पांच पोथ्या त्या एका शब्दाखालीं झांकल्या जातात.

तिसरा अंतरदर्शक. शक १५९६ व शक १६९६ यांत १०० वर्षांचें अंतर निश्चित आहे. परंतु शककालाचा आरंभ संकेतानें ठरलेला. म्हणून शक १६०० हें शक ८०० च्या दुप्पट, या म्हणण्यास अर्थ नाहीं. तींच वर्षें इ. स. १६७८ व ८७८ अशीं मांडतांच ती दुप्पट नाहींशी होते.

चौथा गुणोत्तरदर्शक. येथें शून्य म्हणजे खरोखरीचा अभाव. ८० पत्रांची पोथी ४० पत्रांच्या पोथीच्या दुप्पट होय. ३२ अक्षरांचा एक ग्रंथ या मानानें काढलेली ग्रंथसंख्या, तसेंच पत्राची लांबी-रुंदी, हीं याच वर्गांत पडतात. भेद इतकाच कीं, पत्रें पूर्णांकांनीं मोजावयाचीं, लांबी मात्र अपूर्णांकांतही येते.

संवत्सरांविषयीं विशेष सावध असावें. प्रभव १ ला व क्षय ६० वा. तरी क्षयामागून लागलीच प्रभव येतो. अंक दूरचे, वर्षें शेजारचीं. अशा चक्राकार गणनेस साधी सरासरी लावूं नये.

यास्तव यादीच्या प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर त्यांतील अंकांची जाति प्रथम नोंदवावी, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे. पोथी नष्ट झाल्यावर यादी हाच पुरावा उरतो. तो तरी निर्दोष असावा.