निफाडची लहरी हवा : एका आठवड्याचा विचार

नाशिक जिल्ह्यांतील निफाड हें तालुक्याचें लहानसें गांव. गोदावरी व कादवा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन, द्राक्षांचे मांडव आणि कांद्याचे वाफे ही या तालुक्याची खरी संपत्ति होय. येथील थंडीही प्रसिद्ध आहे. कांहीं हिवाळ्यांत पहांटेचें उष्णतामान 5 अंश सेल्सिअसच्या खालीं उतरलें आहे. अशा ठिकाणीं हिवाळ्याच्या तोंडीं हवा आठ दिवसांत तीनचार वेळां पालटली, म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षाच्या कष्टाचा व डोक्यावरील कर्जाचा निकाल त्या आठ दिवसांतच लागतो.

सन 2023 चें उदाहरण घेऊं. त्या वर्षींचा ऑगस्ट महिना देशाच्या 1901 पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरला. पाऊस हवा होता तेव्हां तो आला नाहीं. आणि नको होता तेव्हां, म्हणजे 26 नोव्हेंबर रोजीं, गारांसह निफाड तालुक्यावर कोसळला. द्राक्षबागांचें फार नुकसान झालें.

हवेचा क्रम.— अशा आठवड्याचा क्रम बहुधा ठराविक असतो. प्रथम उत्तरेकडील कोरडा वारा पडतो व पहांटेची थंडी एकाएकीं कमी होते. समुद्रावरून बाष्पानें भरलेले वारे येऊं लागतात. त्याच सुमारास वायव्येकडून पश्चिमी झंझावात सरकत आला, तर दोहोंच्या गांठीनें ढग उंच वाढतात आणि गडगडाटासह पाऊस व क्वचित् गारा पडतात. मग एकदोन दिवस धुकें व दव. अखेर आकाश निवळून उत्तरेचा वारा परततो आणि कडाक्याची थंडी पडते. हिवाळ्यांतील अवेळीं उबदार पहांट सुखाची वाटते खरी. पण शेतकऱ्यानें ती पुढील संकटाची वर्दी समजावी.

नुकसान केव्हां होतें ?— गारांचा मार डोळ्यांस दिसतो, म्हणून पाऊस थांबला कीं नुकसानही थांबलें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः मोठें नुकसान पुढील दिवसांत होतें. केवडा रोगाच्या बीजाणूंस रुजण्यासाठीं पानावर पाणी लागतें. पाऊस ओसरल्यावर धुक्यानें व दवानें पान ओलें राहिलें, तर रोग आंत शिरतो. पण त्याचे पिवळसर तेलकट डाग कांहीं दिवसांनीं दिसतात. तोंपर्यंत ऊन पडलेलें असतें व बागाईतदार निर्धास्त झालेला असतो. बाग फुलोऱ्यांत असेल तर घडांची कूज व गळ होते. मण्यांत साखर भरूं लागली असेल तर मणी तडकतात. पाठोपाठ उष्णतामान 10 अंशांच्या खालीं गेलें, तर वेलीची वाढ थंडावते आणि मण्यांची फुगवण रखडते.

कांद्याच्या रोपवाटिकेस साचलेलें पाणी मारक असतें, व दमट हवेंत करपा झपाट्यानें पसरतो. उलट जिरायती ज्वारीस व कोवळ्या हरभऱ्यास हाच पाऊस जीवदान देतो. एकाच गांवांत एका बांधावर आनंद व दुसऱ्यावर शोक, अशी स्थिति होते. म्हणून पाऊस चांगला कीं वाईट, हें पिकाच्या अवस्थेवरून ठरवावें.

उपाय.— पाऊस थांबतांच प्रथम चर काढून पाणी वाहून जाऊं द्यावें. मांडवावरील तारा हलवून वेलींवरचें पाणी झाडावें. गारांनीं फुटलेले घड व मोडलेल्या काड्या काढून बागेबाहेर नेऊन पुराव्यात. दाट पाला विरळ करून वारा खेळूं द्यावा, म्हणजे पान लवकर सुकतें. औषधाची फवारणी डाग दिसण्याची वाट न पाहतां, परंतु पिकाची अवस्था पाहून व तज्ज्ञांच्या सल्ल्यानेंच करावी. मोरचूद-चुन्याचें बोर्डो मिश्रण गुणकारी असलें तरी फुलोऱ्यांत तें अपायकारक होण्याचा संभव असतो. थंडी उतरतांच पहांटे ठिबकानें थोडें पाणी द्यावें व बागेंत शेकोट्या धुमसत ठेवाव्यात.

नोंदवही.— पुणें येथें 1932 सालीं हवामानखात्याची कृषिहवामान शाखा स्थापन झाली, तेव्हांपासून हवा व पीक यांचा संबंध शास्त्रीय रीतीनें अभ्यासला जात आहे. तथापि गारांचा पट्टा अरुंद असतो व एका शिवारांतील पाऊस शेजारच्या शिवारांत नसतो. म्हणून प्रत्येक बागाईतदारानें पर्जन्यमापक व उच्चतम-नीचतम उष्णतामापक बाळगून रोज सकाळीं नोंद करावी. पाऊस किती मिलिमीटर, पानें किती तास ओलीं, पहिला डाग कोणत्या दिवशीं, एवढें लिहिलें तरी पुरे. 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरीं सुमारें 40,000 लिटर पाणी, हें ध्यानांत ठेवल्यास पुढील पाणी किती दिवस लांबवावें याचाही अंदाज येतो. पंचनाम्याच्या वेळीं अशी तारीखवार नोंद शेतकऱ्याचें म्हणणें अधिक स्पष्ट करते.

हवा आपल्या हातीं नाहीं. पण पावसानंतरचे दोन दिवस पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहेत. त्या दोन दिवसांत बागेकडे पाठ फिरवूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.