कोकरू कुणामुळे वाढलं?

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात रस्त्यानं जाणारा धनगराचा कळप तुम्ही पाहिला असेलच. त्यातल्या काळ्या मेंढ्या बहुतेक दख्खनी जातीच्या. त्यांच्या लोकरीचं घोंगडं होतं. पण धनगराच्या हाती पैसा येतो तो मुख्यतः कोकरं विकून.

आता गंमत पाहा. जे नर कोकरू झटपट वाढतं, त्याला गिऱ्हाईक आधी मिळतं. मागं राहतात हळू वाढणारी. त्यांतलंच एखादं पुढं कळपाचा मेंढा होतं! टपोरं बियाणं विकावं आणि पोचट पेरावं, तसंच की हे!

"मग सगळ्यांत वजनदार कोकरू ठेवावं," असं तुम्ही म्हणाल. पण ते वजनदार का झालं? एकटं असेल, तर आईचं सारं दूध त्यालाच. जुळ्यांना वाटणी! कुणी आधी जन्मलेलं, कुणाला हिरवं गवत मिळालेलं. म्हणून शास्त्रज्ञ कोकराच्या कानात नंबराचा बिल्ला लावतात. जन्मतारीख, आईबाप, एकटं की जुळं, सारं वहीत लिहितात आणि ठरावीक वयाला वजन करतात. मग वय, दूध, ऋतू यांमुळे पडलेला फरक गणितानं बाजूला काढतात. उरलेल्या फरकातला जेवढा वाटा आईबापांकडून आलेला, ती 'आनुवंशिकता'.

समजा, हा वाटा पाव आहे. एक मेंढा बरोबरीच्यांपेक्षा ४ किलो भारी. त्यातला १ किलो आनुवंशिक. पिल्लाला बापाकडून निम्मं मिळतं, म्हणजे सरासरी अर्धा किलो. एवढंच? अहो, एका मेंढ्याची ४० पिल्लं झाली, तर २० किलो!

सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिथं सुंदरबनातल्या ठेंगण्या गॅरोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' मेंढी तयार झाली. त्या गुणामागं एकच मोठं जनुक आहे. रक्त तपासून ते ओळखता येतं. वाढीमागं मात्र पुष्कळ जनुकं असतात. तिथं वही आणि काटा यांना पर्याय नाही, बरं का!

आता तुम्ही सांगा. दोन्ही नर कोकरं ९० दिवसांची, एकाच कळपातली. एकटं जन्मलेलं १३ किलो, जुळ्यातलं १२ किलो. मेंढा म्हणून कुणाला ठेवाल? कारणासह वहीत लिहा, आणि एखाद्या मेंढपाळकाकांनाही विचारून पाहा!