झाकल्या कामाचा वाद

नाशिकमध्ये घराच्या दुरुस्तीचा हंगाम साधारणपणे दिवाळीनंतर सुरू होतो, आणि मृगाच्या आत सारे आटोपेल अशी ग्वाही ठेकेदार देतो व ती खरी मानण्याची घरधन्याची इच्छा असते. परंतु त्या कामाची रुजुवात आषाढातली झड लागल्यावरच होते. तेव्हा वरच्या न्हाणीघरातील ओल खालच्या खोलीच्या छतावर उतरते, नव्या गिलाव्याला पोपडे धरतात, आणि ज्याचा पै-पैचा हिशेब चुकता केला तो ठेकेदार एकतर दुसऱ्या कामावर गुंतलेला असतो किंवा फोन उचलीत नाही. आता काय करावे, हा प्रश्न मग घरोघरी विचारला जातो. वस्तुतः तो चार महिने आधी विचारावयास हवा होता, कारण निकृष्ट कामाचा जो भाग खरोखर निकृष्ट असतो, तोच नेमका डोळ्यांआड जातो. गिलाव्यामागची वीट, फरशीखालचा कोबा, भिंतीच्या झिरीत गाडलेली वायर आणि लादीमागचा नळ ही कामे एकदा झाकली गेली, म्हणजे मालक-ठेकेदारांतील वाद वस्तूविषयी न राहता एकमेकांच्या शब्दांविषयी होतो.

जुन्या नाशकात, म्हणजे सराफ बाजार, भद्रकाली, पंचवटी या वस्त्यांत, अजून उभे असलेले वाडे दगडी जोत्यांचे, सागवानी तुळया-खांबांचे आणि चुन्याच्या जाड भिंतींचे आहेत. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे जमिनीतून भिंतीत चढणारी ओल त्याच्यावाटे बाहेर पडून सुकते. सिमेंटखेरीज दुसरा माल न ओळखणारा आजचा ठेकेदार हाच गिलावा सोलून त्या जागी सिमेंटचा कठीण थर चढवितो; मग कोंडलेली ओल भिंतीत वर वर सरकते, क्षार पृष्ठभागावर पांढरे होऊन फुटतात, काही पावसाळ्यांत तो थर सुटून येतो, आणि सर्वांत अनिष्ट म्हणजे भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजू लागतात. येथे ठेकेदाराने मालात चोरी केलेली असतेच असे नाही. उत्तम सिमेंट त्याने उत्तम हाताने अगदी चुकीच्या जागी लावलेले असते. अप्रामाणिकपणा आणि अज्ञान हे भिन्न दोष होत. अज्ञानी ठेकेदाराकडून तेच काम पुन्हा करवून घेण्याचा हट्ट धरणे म्हणजे त्याच नुकसानीला दुसऱ्यांदा दाम मोजणे होय.

गोदावरीच्या दक्षिणेकडील नवीन नाशिकची गोष्ट निराळी. सिडकोने सहा योजनांत वसविलेल्या या भागातील लहान घरांवर कुटुंबे वाढली तसे मजले चढत गेले, आणि जेथे खांब, तुळई किंवा स्लॅब यांना हात लावावयाचा तेथेही पुष्कळ वेळा गवंड्याच्या अंदाजावरच काम उरकले गेले. गिलावा, फरशी, रंग यांच्यासारखी अंतर्गत कामे आणि इमारतीच्या सांगाड्यातील फेरफार यांत कायदा भेद करतो. दुसऱ्या प्रकाराला महानगरपालिकेची परवानगी आणि संरचना अभियंत्याचा सल्ला या दोन्ही गोष्टी लागतात, आणि त्या नसतील तर ठेकेदारावर बोट ठेवणाऱ्या मालकालाच पहिला जाब द्यावा लागतो.

पण सर्वांत अधिक तंटे होतात ते न्हाणीघरावरून. जुन्या लाद्या उखडल्यावर तळ स्लॅबपर्यंत साफ व्हावा, नळांचे सांधे तपासले जावेत, जलरोधक लेप तळावरून भिंतीवरही चढविला जावा, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा जाळीकडे ढाळ ठेवून घातला जावा, आणि मग नहाणीचे तोंड बंद करून तेथे किमान दोन दिवस पाणी साठवून खालच्या खोलीचे छत पाहावे, हा क्रम कोणताही जाणता कारागीर सांगेल. यांतील पाणी साठविण्याची चाचणी फरशी बसविण्यापूर्वीच करावयाची असते, आणि घाई असली की पहिल्याने कात्री लागते ती तिलाच; "साहेब, वरून फरशी बसते आहे, पाणी जाईल कुठे?" या प्रश्नात जितका आत्मविश्वास असतो तितकेच अज्ञान असते, कारण फरशीच्या सांध्यांतून पाणी झिरपतेच आणि त्याला अडविण्याचे काम खालच्या लेपाचे असते. फरशीखाली माल सर्वत्र न पसरता मधोमध गोळा टाकून ती दाबली, तर कडांखाली पोकळी राहते. नाण्याने ठोकीत गेल्यास असा पोकळ आवाज सहज कळतो, आणि ही परीक्षा घरातील कोणीही करू शकते. सिमेंटच्या पिशवीवर उत्पादनाचा काळ छापलेला असतो, तोही वाचावा. तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासल्यावाचून वापरू नये. पाणी मारण्याच्या बाबतीत तर भारतीय मानक ४५६ अगदी स्पष्ट आहे: काँक्रीट साध्या सिमेंटचे असल्यास किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटचे असल्यास किमान १० दिवस सतत ओले ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. बाजारात मिळणारे बरेचसे सिमेंट हल्ली दुसऱ्या प्रकारचे असते, आणि बिगारी मात्र तिसऱ्या दिवशी पाइप गुंडाळून ठेवतो.

दोष उघड झाल्यावर संतापून नवा गवंडी बोलावणे आणि जुने काम फोडणे हा मार्ग स्वाभाविक खरा, पण त्यासरशी पुरावाही फुटतो. आधी दिनांकासह छायाचित्रे घ्यावीत, एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून कारणांसह लेखी अहवाल घ्यावा, आणि ठेकेदाराला नोंदणीसह स्पीड पोस्टने नोटीस पाठवून दोष, मागणी व मुदत स्पष्ट लिहावी. दुरुस्तीची संधी त्याला दिली गेली होती, हे पुढे फार उपयोगी पडते. पुष्कळ लोक थेट पोलीस ठाणे गाठतात आणि ही दिवाणी बाब आहे असे ऐकून चिडून परततात. परंतु फसवणुकीच्या गुन्ह्यास आरंभापासूनच बेइमानीचा हेतू लागतो, आणि वाईट काम म्हणजे तेवढ्यावरून फसवणूक होत नाही. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, जाण्याचाही उपयोग नसतो. नव्या सदनिकेच्या ताब्यापासून ५ वर्षांत आढळलेला दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करावा, असे बंधन स्थावर संपदा कायदा घालतो खरे, पण आपल्या राहत्या घराची दुरुस्ती करून देणारा ठेकेदार त्याच्या कक्षेत येत नाही.

अशा ठेकेदाराविरुद्धच्या तक्रारीची जागा ग्राहक आयोगात आहे. १९९३ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन गृहबांधणी ही 'सेवा' ठरली, आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाला बळकटी दिली; पुढे २००८ मध्ये फकीरचंद गुलाटी प्रकरणात, आपल्या जमिनीवर बिल्डरकडून घर बांधवून घेणारा जमीनमालकही ग्राहक ठरू शकतो, असे त्याच न्यायालयाने सांगितले. आजचा कायदा २०१९ चा असून तो जुलै २०२० पासून अमलात आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, आणि तीही तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे, तक्रार करता येते; ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची. प्रतिपक्षाने आपले म्हणणे ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत, मांडलेच पाहिजे, असे मार्च २०२० मध्ये घटनापीठाने ठरविले आहे. निकाल ३ महिन्यांत, आणि मालाचे पृथक्करण लागल्यास ५ महिन्यांत द्यावा ही कायद्याची अपेक्षा; प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून धीर आणि कागद दोन्ही जपून ठेवावे लागतात.

येथे एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. काम उक्ते दिले, म्हणजे ठेकेदाराने आपल्या जबाबदारीवर अमुक रकमेत अमुक वस्तू पुरी करून द्यावी असे ठरले, तर ती सेवा होय. उलट आपण रोजंदारीवर गवंडी ठेवला, माल आपण आणला आणि भिंत कोठे, कशी उभारावी हेही आपणच उभे राहून सांगितले, तर तो संबंध मालक-चाकराच्या दिशेने झुकतो, आणि व्यक्तिगत चाकरीचा करार ग्राहक कायद्यातून वगळलेला आहे. मजुरी रोजंदारीची आणि भाषा मात्र ठेक्याची, अशी सरमिसळ करणाऱ्यांची तक्रार याच दगडावर अडखळते.

माझ्या मते सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दोन जुन्या रीती खाजगी घरमालकाने बेधडक उचलाव्यात. एक मोजमाप पुस्तकाची: झाकले जाणारे प्रत्येक काम झाकण्यापूर्वी मोजावे, पाहावे, आणि उभयतांनी सही करावी. दुसरी सुरक्षा अनामतीची: प्रत्येक हप्त्यातून काही रक्कम राखून ठेवावी आणि दोषदायित्वाचा काळ, निदान एक पावसाळा, उलटल्यावर ती द्यावी. चांगले ठेकेदार या अटीला कुरकुर करीत का होईना, रुकार देतात. जो सारी रक्कम उचल म्हणूनच मागतो, त्याच्याविषयी निराळी चौकशी करण्याचे कारण नाही. 'कच्च्या बिलात करू, १८ टक्के वाचतील' हा प्रस्तावही असाच. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या, नोंदणी न घेतलेल्या लहान ठेकेदाराला तो वस्तू व सेवा कर लावण्याचा अधिकारच नसतो, आणि मोठ्याने तो वाचविला तर त्याबरोबर पावतीही वाचते, म्हणजे मालकाच्या हाती काहीच उरत नाही.

राहता राहिला मालकाचा स्वतःचा वाटा. ओटा चार बोटे खाली घ्या, येथे एक कपाट काढा, लादीचा रंग बदला, अशा तोंडी फर्मानांनी मूळ अंदाजपत्रकाची जी दशा होते, ती पाहता ठेकेदाराची बाजूही काही वेळा खरी असते. आणि आयोगापुढे त्याचा वकील पहिला प्रश्न विचारतो तो या फेरफारांविषयीच. तेव्हा प्रत्येक बदल, त्याचा दर आणि तारीख त्याच पुस्तकात, ज्या दिवशी ठरला त्याच दिवशी, दोघांच्या सहीने उतरवून ठेवावी.