दशावतारासाठी पुणे ते सावंतवाडी: तीन दिवस, चार मित्र

निपाणी, आजरा, आंबोली घाट करत सावंतवाडीला उतरलो, ते फक्त दशावतार पाहायला! कार्तिकापासून सिंधुदुर्गातल्या गावोगावच्या जत्रांत रात्री उशिरा हा खेळ उभा राहतो. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर. मग पौराणिक आख्यान. लिखित संहिता नाही. कथानक ठरतं, संवाद मात्र कलाकार उभ्या उभ्या रचतात. हे ऐकताना अजूनही थक्क व्हायला होतं. स्त्रीभूमिका पुरुषच करतात, रंगभूषाही ज्याची तोच करतो. साथीला पेटी, पखवाज, झांज. युद्धाच्या प्रसंगी झांज अशी कडाडते की डोळ्यांवरची झोप पार उडते! पहाटे दहीकाला झाला की खेळ संपतो. दुसरा दिवस झोपेसाठी मोकळा ठेवा. जागरण करून लगेच घाट चढू नका. सतरंजी आणि शाल सोबत न्याच.